गेल्या सात दिवसांत मासे खाल्ले का?

बँकेतल्या मशीनवर मी तिसऱ्यांदा अंगठा ठेवला तेव्हा फोन वाजला. नोव्हेंबर महिना होता. पेन्शनवाल्यांना या महिन्यात आपण जिवंत आहोत हे दाखवायला जावं लागतं. नुसतं दिसून चालत नाही, अंगठा जुळावा लागतो. माझा जुळत नव्हता.

"काका, बोट पुसून लावा," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

फोन शेजारच्या प्रमिलाबाईंचा होता. "वैरागडे काका, लवकर घरी या," एवढं म्हणाल्या. काय झालं विचारलं तर रडायला लागल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "सांगून टाका नं, लपवून काय होते?" मग त्यांनी सांगितलं. माझी बायको अनसूया कपडे वाळत घालत होती. दोरीजवळ खाली बसली ती उठली नाही. डॉक्टर येऊन गेले होते.

मी फोन खिशात ठेवला. काय करावं ते कळेना, म्हणून अंगठा पुसला आणि मशीनवर ठेवला. हिरवा दिवा लागला.

"झालं काका," मुलगी म्हणाली. "आता वर्षभर काळजी नाही."

मला तिचा राग आला नाही. तिच्यासमोरची माहिती बरोबर होती.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी माझा साळा मोतीराम बाजारातून मासे घेऊन आला. "बंगाल्याकडचे आहेत भाऊजी, एकदम ताजे. तेरा दिवस झाले, आता तोंड पालटा." त्याच्या बायकोनं रस्सा केला, ताट माझ्यापुढे ठेवलं. ताटात मासा पाहिला आणि मला अकरा नंबर आठवला.

बहात्तर साल होतं. मी चोवीस वर्षांचा, लग्नाला दीड वर्ष झालेलं. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना आमच्या जिल्ह्यातलं जंगल तोडून जमिनी दिल्या होत्या. त्यांच्या गावांना नावं पुढे पडली, आधी नुसते नंबर होते. वसवून सात-आठ वर्षं झाली होती. हे वसवणं कितपत जमलं याची पाहणी करायची होती आणि अकरा नंबरचं गाव माझ्याकडे आलं होतं. बहात्तर घरं. एका घराला आठ पानांचा फॉर्म.

आमचे साहेब खानझोडे. कलकत्त्याला दोन वर्षं संख्याशास्त्र शिकून आलेले. त्यांच्या आधी जो अहवाल झाला होता तो तहसीलच्या गावी चहा पीत लिहिलेला होता. त्यात शंभर टक्के निर्वासित समाधानी होते. साहेबांनी तो आमच्यासमोर फाडला.

"वैरागडे, आकडा खोटा असला की विहीर चुकीच्या गावात खणली जाते," ते म्हणाले. "लोकांवर दया करू नका. दया करणारे पुष्कळ आहेत. तुम्ही बरोबर मोजा, बाकीचं आपोआप होईल."

मला ते फार पटलं. अजूनही थोडं पटतं.

बायकांना विचारायच्या प्रश्नांसाठी एक बाई नेमली होती. ती जंगलात राहायचं म्हटल्यावर आलीच नाही. साहेब म्हणाले, "तुमची बायको लिहिते-वाचते ना? तिला घेऊन जा. कागदावर नाव येणार नाही, पण काम होईल." अनसूया सातवी शिकलेली होती. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. आम्ही दोघं तीन आठवडे अकरा नंबरच्या शाळेत राहिलो. शाळा म्हणजे कुडाची एक खोली. तिथले निताई मास्तर दुभाष्याचं काम करायचे.

पहिल्याच दिवशी मी अनसूयाला बजावलं, "सांगतील तेच लिहायचं. आपल्या मनाचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही."

"म्हणजे मुनीम," ती म्हणाली.

"मुनीम नाही. अन्वेषक."

"बरं जी अन्वेषक. पाणी कोण भरून आणते मग? का तेही फॉर्मात हाय?"

फॉर्मात आहाराचा एक भाग होता. घरातल्या प्रत्येक माणसानं गेल्या सात दिवसांत भात, डाळ, भाजी, दूध, मासे खाल्ले का. होय किंवा नाही. हा भाग अनसूया भरायची. संध्याकाळी फॉर्म आणून द्यायची आणि मी बेरजा मारायचो. अंगणात बसून ती बायकांशी तासन् तास बोलायची. बंगाली तिला मासे निवडता निवडता आलं. बायका तिला बौदी म्हणायला लागल्या, म्हणजे वहिनी.

बंगाली माणूस माशाशिवाय जेवत नाही हे मी तिथं शिकलो. धानाच्या बांधीत, नाल्यात, जिथं पाणी तिथं ते जाळं टाकायचे. बोटाएवढे मासे मिळायचे, पण रोज मिळायचे. म्हणून दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बेरजा मारताना मला एक गोष्ट दिसली. बहात्तरपैकी पासष्ट घरांतल्या बायका मासे खात होत्या. सात घरांत एकेक बाई अशी होती की तिच्यापुढे 'नाही' होतं. पोरं खात होती, ती नाही.

ते सात फॉर्म मी वेगळे काढून जमिनीवर मांडले. सातही बायका घर चालवणाऱ्या होत्या. सातही घरांत एक सारखी गोष्ट होती, नवरा बाहेरगावी कामाला. एकीचा रायपूरला, एकीचा कलकत्त्याला, एकीचा ओरिसात. तसे गावात आणखी चार नवरे बाहेरगावी होते, पण त्यांच्या बायका मासे खात होत्या.

मी निताई मास्तरांना बोलावलं. "मास्तर, या सातजणी मासे का खात नाहीत?"

मास्तरांनी फॉर्म पाहिले. "उपास असेल," ते म्हणाले.

"सात दिवस?"

"पोट बिघडलं असेल."

"सगळ्यांचं?"

मास्तर म्हणाले, "पोरांची शाळा सोडायची वेळ झाली," आणि गेले. त्या दिवशी रविवार होता.

मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण आमच्याकडे असलं काही नव्हतं. आमची आई विधवा होती, तिला बोंबील फार आवडायचे. मला वाटलं, हा खरा शोध आहे. काही आजार असेल, गरिबी असेल. मी एक छानसा तक्ता केला. तक्ता क्रमांक चौदा. सोमवारी साहेबांची जीप आली तेव्हा तो त्यांच्या हातात दिला आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो.

साहेब बराच वेळ तक्ता पाहत राहिले. मग चष्मा काढला.

"वैरागडे, या सात विधवा आहेत."

"नाही साहेब. हातात शंखाच्या बांगड्या आहेत, भांगात शेंदूर आहे. मी पाहिलं आहे."

"बांगडी कोणीही घालेल. त्यांच्यात नवरा गेला की बाई मासे सोडते. जन्मभर. बाकी सगळं खोटं केलं यांनी, हे नाही करता आलं."

नियम मला माहीत होता, फॉर्मच्या मागेच छापला होता. ज्या घरात कमावता पुरुष नाही ते घर जमीन कसू शकत नाही असं धरलं जायचं. अशा बायका-मुलांना दूर आश्रितांच्या छावणीत पाठवायचं आणि जमीन, घर यादीतल्या पुढच्या कुटुंबाला द्यायचं. माझ्याच तक्ता क्रमांक नऊप्रमाणे त्या सातपैकी पाच घरांचं धान गावच्या सरासरीपेक्षा जास्त होतं. पण नऊ आणि चौदा शेजारी ठेवून पाहायचं मला पुढे फार वर्षांनी सुचलं.

"एका आकड्यावर मी सात घरं उठवणार नाही," साहेब म्हणाले. "शनिवारी येतो. जेवणाच्या वेळी. स्वतः पाहतो."

जीप गेली. मी अनसूयाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशीच. बाईचा हात पाहता का नाही तुमी? बाकीच्यांच्या बांगड्या मनगटात घट्ट बसते. पारुलची कोपरापर्यंत जाते. दाराच्या मागं खुंटीवर ठेवते ती. जीपचा आवाज आला का चढवते."

"मग मला का नाही सांगितलं?"

"फॉर्मात तो प्रश्न नव्हता."

"मग मासे खाल्ले असं तरी लिहायचं!"

"तुमीच म्हणलं होतं मले, सांगतील ते लिव. मी लिवलं. आता माह्यावर काहून वरडता? तक्ता मी केला का?"

तिनं सूप उचललं आणि पुन्हा ठेवलं. "जेवणाचं कोणी विचारते आणि त्याच्यासाठी घर जाते, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? बांगड्यांचं खोटं त्यांनी ठरवून केलं होतं. माशाचं त्यांना वाटलं, बौदी प्रेमानं विचारते."

शुक्रवारी ती पारुल हालदारच्या घरी गेली. पारुल तिशीची असेल, दोन मुली, नवरा पाच वर्षांपूर्वी तापानं गेलेला. बाकीच्या सहाजणीही तिथं जमल्या. मी आणि निताई मास्तर बाहेर बसलो. कुडातून सगळं ऐकू येत होतं आणि मास्तर मला हळू आवाजात सांगत होते.

अनसूयानं कोणाला काही करायला सांगितलं नाही. उद्या साहेब जेवणाच्या वेळी येणार आणि काय पाहणार, एवढंच सांगितलं.

मग खिरोदा बोलली. सातजणींत ती सगळ्यांत म्हातारी. मास्तर सांगताना थांबत होते. "ती म्हणते, बांगड्यांचं ठीक होतं. बांगडी हातात असते, काढून ठेवता येते. हे पोटात जाईल."

पारुल काहीतरी म्हणाली.

"पारुल म्हणते, मावशी, छावणीत नेलं तर पोटात काहीच जाणार नाही."

कोणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. नंतर एकीच्या रडण्याचा आवाज आला. मास्तर म्हणाले, "हे काही सांगण्यासारखं नाही," आणि उठून गेले.

शनिवारी बाराला साहेब आले. पारुलच्या अंगणात त्यांना खाट टाकली. ते अवघडून बसले. मी फॉर्म घेऊन उभा, अनसूया चुलीजवळ.

"जेवण झालं का, विचारा," साहेब मला म्हणाले.

"नाही झालं, म्हणते," अनसूयानं विचारून सांगितलं.

"मग जेवा म्हणावं. आम्ही बसतो."

पारुलनं दोन्ही मुलींची ताटं वाढली. मग आपलं घेतलं. भात, वर मोहरीचा पिवळा रस्सा, त्यात दोन मासे. ती आमच्याकडे पाठ करून बसली, पण पाठ पुरती केली नाही. दिसायला हवं होतं. तिनं मासा तोडला, काटा काढला, भातात कालवला आणि घास तोंडात घातला. तो घास खाली उतरेना. ती चावत राहिली.

धाकटी मुलगी पाच-सहा वर्षांची होती. ती जेवायची थांबून आईकडे पाहत होती. मोठ्यानं म्हणाली, "मा, तुमि माछ खाच्छो?"

आई, तू मासे खातेस? एवढं बंगाली तीन आठवड्यांत मलाही कळायला लागलं होतं. अंगणात कोणी हललं नाही.

"पोरीले अजून पाहिजे म्हणते," अनसूया चुलीजवळून म्हणाली.

"हो," साहेब म्हणाले. "वाढा तिला."

मग ते त्या मुलीकडे वळले आणि स्वच्छ बंगालीत काहीतरी बोलले. आईला जेवू दे, असं. मुलगी खाली पाहून जेवायला लागली. साहेबांनी माझ्या हातातून फॉर्म घेतला, स्वतःच्या पेननं 'नाही' खोडलं, वर 'होय' लिहिलं आणि खाली सही केली. मी त्यांच्याकडे पाहत होतो. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

बाहेर आल्यावर म्हणाले, "बाकीच्या सहा घरी सांगून या, साहेब येणार नाहीत म्हणावं. एक घर तपासलं, पुरे."

"पण साहेब, सातांत एक हा नमुना लहान होतो," मी म्हणालो. देवाशपथ, मी हे म्हणालो.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही फार चांगलं शिकलात वैरागडे. आधी जाऊन सांगा."

मी निघालो. वाटेत शाळा होती. जीप गावातून निघायच्या आत तक्ता चौदा दुरुस्त करून साहेबांच्या हाती द्यावा असं मनात आलं. म्हटलं, दहा मिनिटांचं काम. बसलो. बेरीज एकाहत्तर येत होती. पुन्हा मारली, पुन्हा एकाहत्तर. सगळे फॉर्म पुन्हा मोजले. एक फॉर्म खडूच्या डब्याखाली सरकला होता. तो मिळाला तेव्हा मला आनंद झाला. तक्ता पुरा केला, जीपपर्यंत धावत गेलो, दिला. जीप गेली. मग मी निरोप द्यायला गेलो. या सगळ्यात पाऊण तास गेला असेल.

खिरोदाचं घर पहिलं होतं. ती मागच्या अंगणात चूळ भरत होती. एक भरली, दुसरी भरली. चुलीतली राख बोटावर घेऊन दात घासले आणि पुन्हा चूळ भरली. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिनं घाईनं पदर सारखा केला, बांगड्या पुढे ओढल्या आणि मला हातानं बोलावलं.

ओसरीवर तिचं ताट तसंच होतं. घासूनपुसून खाल्लेलं, आणि कडेला काटे ओळीनं मांडलेले. डोकं, मधला मणका, शेपूट. तिनं पुरावा ठेवला होता.

"खाया," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "पूरा खाया. साहब को बुलाओ."

मी उभा राहिलो. सांगायचं वाक्य मला पाठ होतं.

"साहेब कामात आहेत," मी म्हणालो. "त्यांनी मला पाठवलं. मी पाहिलं, मी लिहितो."

ती काट्यांकडे बोट दाखवत राहिली, मी वाकून पाहीपर्यंत. मी वाकून पाहिलं.

बाकीच्या पाच घरीही तसंच होतं. जेवणं झालेली, ताटं ठेवलेली, काटे मांडलेले. प्रत्येक ठिकाणी मी वाकलो, पाहिलं, 'होय' लिहिलं. एकीनं विचारलं, घर राहील ना? मी म्हटलं, राहील. ते खरं होतं. ते पाऊण तासापूर्वीपासूनच खरं होतं.

संध्याकाळी अनसूयानं विचारलं, "साहेबानं निरोप द्यायला पाठवलं होतं नं? दिला का?"

"दिला," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती दुपारभर त्याच बायकांत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पारुलनं वाटीभर रस्सा पाठवला होता. अनसूयानं तो सगळा माझ्या ताटात वाढला आणि आपण भात-डाळ खाल्ली.

अहवाल छापून आला. माझा तक्ता चौदा बेचाळिसाव्या पानावर होता. एका आठवड्याच्या काळात अकरा नंबरमधल्या घर चालवणाऱ्या स्त्रियांत मासे खाणाऱ्यांची संख्या पासष्टवरून बहात्तर झाली, म्हणजे शंभर टक्के. आहारात इतकी जलद सुधारणा दुसऱ्या कुठल्याच गावात आढळली नव्हती. पुनर्वसन यशस्वी झाल्याचं ते चांगलं उदाहरण आहे असं खाली लिहिलं होतं. त्यावरून त्या गावाला मोठा तलाव मंजूर झाला. मला बढती मिळाली. अनसूयाचं नाव ठरल्याप्रमाणे कुठेही नव्हतं. तलाव मात्र खरंच चांगला झाला. आमच्या बाजारात येणारे मासे अजून तिथूनच येतात.

त्या शनिवारनंतर अनसूयानं मासे खाल्ले नाहीत. माझ्यासाठी करायची, निवडायची, वाढायची. नवीन माणसं विचारायची तेव्हा सांगायची, वास सहन होत नाही. मी एकदाच विचारलं, फार वर्षांनी. म्हणाली, "त्यांचं मोडलं. कोणीतरी धरा लागते नं." ती एक वेळ सोडली तर शेहेचाळीस वर्षांत आम्ही त्याच्यावर बोललो नाही. शेवटच्या दोन-तीन वर्षांत मात्र ती मधूनच म्हणायची, "एकदा अकरा नंबरले जाऊन या नं." कशाला, हे तिनं कधी सांगितलं नाही.

मोतीराम माझ्या ताटाकडे पाहत होता. "खा नं भाऊजी. थंड होते."

तेरा दिवसांत मला कोणी काही सोडायला सांगितलं नव्हतं. काही काढून ठेवायला सांगितलं नव्हतं. माझ्या अंगावर काढून ठेवण्यासारखं काही नव्हतंच. मी मासा तोडला, काटा काढला, भातात कालवला. घास नीट खाली उतरला. रस्सा चांगला झाला होता. दुसऱ्यांदा घेतला.

"ताईले मासे काहून आवडत नव्हते जी?" मोतीरामच्या बायकोनं विचारलं.

"आवडायचे," मी म्हणालो.

जेवण झाल्यावर पाहिलं तर मी काटे ताटाच्या कडेला ओळीनं मांडले होते. ते मी उचलून टाकले.

अकरा नंबर इथून बेचाळीस किलोमीटर आहे. बस सकाळी साडेआठला सुटते. खिरोदा नसणार. पारुल असेल, बाकीच्यांपैकी कोणी असेल. साहेब येणार नाहीत, हा निरोप अजून द्यायचा राहिला आहे.